एक कोयता, दोन माणसं

पेडगावचा रविकांत सेलूत भाड्याच्या खोलीत राहून दुकानदारांना वेबसाइट बनवून देई. पण त्याचा जीव अडकलेला होता तो फुकटच्या कामात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या नोंदीसाठी त्याने चार मित्रांबरोबर एक पोर्टल उभं केलं होतं. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. आई लवकर गेल्यावर रविकांतला कडूबाई मावशीने उसाच्या फडावरच वाढवलं होतं. फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत झोपणारं पोर आता फडावरच्या माणसांची यादी करतंय, हे ती दिसेल त्याला सांगायची.

पुण्यातल्या बबिताचा गट दवाखान्यांसाठी असंच खुलं सॉफ्टवेअर बनवत होता. दोन्ही गटांनी आपापली पोर्टलं जोडायचं ठरवलं. मजूर कुठल्याही जिल्ह्यात आजारी पडला तरी त्याची नोंद दवाखान्याच्या पडद्यावर दिसावी आणि मोफत उपचार अडू नयेत, एवढाच हेतू. जोडणीचा कोड रविकांतने लिहायला घेतला.

बबिताने लिहून विचारलं, "तुमच्या एका नोंदीत दोन नावं आहेत. आमच्याकडे एका नोंदीला एकच नाव बसतं. काय करायचं?"

"पहिलं ठेवा," रविकांतने लगेच उत्तर दिलं. "एक कोयता, एक नोंद."

फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम कोयते मोजतो आणि वहीत नाव लिहितो नवऱ्याचं. रविकांत हे कळायला लागल्यापासून पाहत आला होता. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नाही. इकडून तीनशे बारा नोंदी गेल्या, तिकडे तीनशे बारा पोचल्या. दोन्ही गटांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

जानेवारीत कडूबाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना खाली पडली. तेवढ्यात ट्रॉली मागे सरली आणि चाक तिच्या गुडघ्यावरून गेलं. दवाखान्यात तिच्या नवऱ्याने, परमेश्वरने, मोठ्या भरवशाने सांगितलं, "आमची नोंद हाय, बघा." पडद्यावर परमेश्वर होता, कडूबाई नव्हती. तिथून दुसरीकडे पाठवलं, तिथेही तेच. तिसऱ्या दवाखान्यात तिला घेतलं तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

परमेश्वरचा फोन आला. "रवी, तुझ्या यादीत मी हाय बघ, धडधाकट. तुझी मावशी न्हाई."

रविकांतने कोड उघडला. चूक शोधावी लागली नाही. दुरुस्ती सोळा ओळींची निघाली.

"तो कोड मी तपासून मंजूर केला होता," बबिता फोनवर म्हणाली. "दोन्ही गटांची चूक म्हणून लिहू या."

"कोयता म्हणजे काय ते तुला माहीत नव्हतं. मला होतं."

दोन्ही गट वाचतात त्या जागी त्याने स्वतःच्या नावाने लिहिलं: दुसरं नाव वगळायला मी सांगितलं. वगळलेल्या तीनशे बारा बायका आहेत.

मग तो पेडगावला गेला. कडूबाई अंगणातल्या बाजेवर पडून होती, परमेश्वर शेजारी बसला होता. पांघरूण एका बाजूला सपाट दिसत होतं.

"मावशे, चूक माझी हाय."

"तुझी कशानं? मशीन हाय ती."

"मशीनला मीच सांगितलं. एका कोयत्याचं एकच नाव घे म्हनून. पहिलं."

"मुकादम लिवतो तसं?"

"हां."

"मुकादमाला म्या कधी घास भरवला न्हाई रे," कडूबाई म्हणाली.

परमेश्वर उगाच उठून गोठ्याकडे गेला.

तिने विचारलं, "आता तरी लिवलंस का माझं नाव?"

"लिवलं."

"वाच बरं."

त्याने मोबाइल काढला. "कडूबाई परमेश्वर. वय एकावन्न. गाव पेडगाव. काम ऊसतोड."

"काम काढ त्यातलं."

त्याने तो रकाना पुसला आणि बटण दाबलं. नोंद जतन होईना. कामाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, हा नियम पोर्टलमध्ये त्यानेच घातला होता.

"काढलंस?" कडूबाईने विचारलं.