बेल वाजली आणि कोणी हललंच नाही

मधूदादा गेला. तोही खुर्चीत बसल्या बसल्या.

जो माणूस जन्मात कधी एका जागी टिकला नाही, त्याने असं जावं?

सकाळी आरोंद्याहून त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. चहा केला, गार झाला. परत केला, तोही गार झाला.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. बांद्याजवळच्या एका काजू फॅक्टरीत माझी पहिली नोकरी. तीन शेड आणि प्रत्येक शेडला आगीच्या अलार्मचा वेगळा पॅनल. एका शेडची बेल दुसरीत ऐकू जायची नाही, ऑफिसात तर नाहीच.

मधूदादा अलार्मचं काम करायचा. त्याने तिन्ही पॅनल केबलने जोडून गेटजवळच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर आणले. कुठेही धूर झाला की स्क्रीनवर त्या शेडचं नाव आणि तिन्हीकडे बेल.

स्क्रीनसमोर मी.

आणि सोलणीच्या शेडमध्ये, बायकांच्या घोळक्यात, माझी आई.

उद्घाटनाला गाऱ्हाणं हवंच. आमच्याकडे देवाला सांगितल्याशिवाय साधा पंखासुद्धा लागत नाही. सोलणीच्या शेडमध्ये नारळ ठेवला, धूप घातला. गाऱ्हाणं घालणाऱ्या तात्यांनी "बा देवा म्हाराजा" म्हटलं आणि धूर छताला लागला.

तिन्ही शेडमध्ये बेल ठणाणा!

एक बाई जागची हलली नाही. सगळ्यांनी हात जोडले.

"देवान कौल दिल्यान गो!"

आई तर डोळे मिटून उभी.

मालक खूश. "मधू, चालता मां? मगे झाला. काम पुरा झाल्याच्या कागदार सही कर."

मधूदादाचा चेहरा पांढराफटक. "बेल वाजली आणि एकय बाई भायर इली नाय! मी सही करूचंय नाय."

लोक हसले. याला मात्र चैन पडेना. पुन्हा टेस्ट घेतली, तर पुन्हा हात जोडलेले. समजावून झालं, ओरडून झालं. बायका म्हणायच्या, "देवाक पाठ कशी दाखवची?"

माझ्या टेबलाभोवती फेऱ्या मारत म्हणाला, "तुझ्या पडद्यार नाव येतला गो, पण तुझ्या आवशीक भायर कोण काढतलो?"

माझ्या डोळ्यांसमोर हात जोडून उभी असलेली आई आली.

शेवटी तो तात्यांच्या घरी जाऊन बसला. दुसऱ्यांदा गाऱ्हाणं झालं, यावेळी उघड्या अंगणात.

"बा देवा म्हाराजा, ही बेल वाजली तर तुझी लेकरां हातातला काम टाकून भायर येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग त्याने सही केली.

त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, माझ्या स्क्रीनवर सोलणीची शेड आली. आतल्या बारदानांनी पेट घेतला होता. मी शेडला फोन लावला, कोणी उचलेना. तशीच धावत सुटले. रडत होते की ओरडत होते, आठवत नाही.

बायका अंगणात उभ्या होत्या. सगळ्या. हातात सोलायच्या सुऱ्या तशाच. त्यांच्या मागे शेडचं छप्पर खाली आलं.

आई मलाच ओरडली, "गो चेडवा, धावतंस कित्याक? पडशीत!"

ते ओरडणं मला पुढे कितीतरी वर्षं ऐकायला मिळालं. माझ्या लग्नात तिने पंगत वाढली. माझ्या मुलींना तिने न्हाऊमाखू घातलं. पार म्हातारी होऊन, अंथरुणात, माझा हात धरून गेली.

मधूदादा, माझी आई मला एवढी पुरली, ती तुझ्यामुळे.

तुला माझा शेवटचा नमस्कार.