मिठाची बाटली

मंगळवारी सकाळी गावाकडचा माणूस पहिल्या एस.टी.नं आला आणि दारातूनच म्हणाला, "ताराबाई गेल्या." माझी मोठी जाऊ. तीन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. मी शाळेत निरोप पाठवला, साडी बदलली आणि त्याच गाडीनं तेल्हाऱ्याकडे निघाले. त्याला आता सहा आठवडे होत आले. रडायचं ते रडून झालं. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली आहे.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी भासऱ्यांनी (ताराबाईंचे यजमान, मी त्यांना दादा म्हणते) पहिल्यांदाच दोन एकरांत मका लावला. पीक चांगलं आलं, पण पाऊस लांबला आणि कणसं ओलीच घरी आली. ताराबाईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, ती सोलून अंगणात पसरली, मग बडवून दाणे पुन्हा उन्हात घातले. दाणा वाळला की नाही हे पाहायची त्यांची रीत वेगळी होती. खडेमीठ बारीक करून तव्यावर कोरडं भाजायचं, औषधाच्या रिकाम्या बाटलीत मूठभर दाण्यांबरोबर घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला, सुटं राहिलं तर कोरडा. मी सातवी पास, नुकतीच घरात आलेली. मला याचं हसू यायचं.

"बाई, दाताखाली कडकन फुटून राहिला दाना. अजून कायले वाट पाहता?"

"जवारीचं दाताले पुसाव, शांते. मक्याचं मिठाले पुसाव. आनखी चार उनं पायजेत."

दुसऱ्या दिवशी त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. भासरे पहाटेपासून शेतात होते, आणि मागे त्याच दुपारी आभाळ भरून आलं. अंगणातला पसारा आवरायची मला घाई. दोन दाणे चावले, कडकन फुटले. सगळा मका कणगीत भरला आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकलं. काम उरकल्याचा अभिमानही वाटला.

बाई बाराव्या दिवशी परतल्या. अंगण रिकामं पाहून थेट कणगीकडे गेल्या. लिंपण फोडलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि म्हणाल्या, "तू घाल हात." आत नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखं गरम होतं. आंबूस वास आला... आम्ही दोघींनी सारा मका उपसला. वरचा वाचला. तळचा काळा पडून गठ्ठे झालेला. बैलांनीही तोंड लावलं नाही.

तेव्हा अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी माझा अर्ज गेला होता आणि भासऱ्यांचा होकार यायचा होता. घरचं धान्य सांभाळता येत नाही तिला अकोल्याला कशाला पाठवायचं, हे ते म्हणालेच असते, आणि तिथंच सगळं संपलं असतं. संध्याकाळी ते शेतातून आले, काळा ढीग पाहिला.

"कोनं भरला हा मका?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "म्या. जायच्या घाईत भरला."

"अन् साऱ्या गावाले बाटली हालवून अक्कल शिकवून राह्यली होती!"

त्या वर्षी आम्ही ज्वारीही मोजून-मापून खाल्ली. गावातल्या बाया धान्य साठवायच्या आधी बाईंना विचारायला यायच्या, त्या यायच्या थांबल्या. चार माणसांत भासरे म्हणायचे, "काय म्हनते तुयी बाटली?" बाई चुलीकडे तोंड करून भाकऱ्या थापत राहायच्या. मी उन्हाळ्यात अकोल्याला आले, मास्तरीण झाले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "सांगून टाकू का आता भासऱ्यांना?" त्या तूर पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "वाळलेलं वलं कायले करतं?"

त्यांच्या माघारी मी निघताना भासऱ्यांनी फळीवरची ती बाटली माझ्या हातात दिली. तळाशी थोडं मीठ होतं. "ने तू," ते म्हणाले. "एकडाव चुकली तिची बाटली. नंतर कवाच नाई चुकली." मी बाटली पिशवीत घातली, पाया पडले, गाडीत बसले. तेव्हाही बोलले नाही.

बाटली आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. भासरे दर रविवारी चावडीवर बसून पेपरची ही पुरवणी वाचतात, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. दादा, बाटली तेव्हाही चुकली नव्हती. कणगी मी भरली होती.