प्रस्थानाची पिशवी

केतकी आणि शार्दूल, तुमची आजी अत्यंत व्यवस्थित बाई आहे, आणि खाली लिहिलेला सगळा गोंधळ केवळ त्यामुळेच झाला.

व्यवस्थित म्हणजे किती, तर माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर मराठीत आणि इंग्रजीत अशा दोन चिठ्ठ्या असतात. (तुमचे आबा म्हणतात, एक चिठ्ठी त्यांच्याही पाठीवर लावलेली आहे, फक्त ती त्यांना वाचता येत नाही.) मेडशीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण घंटा झाल्यावर मी वर्गात शिरले असं एकदाही घडलं नाही. अशा बाईला पुण्याच्या मोठ्या संगीत महोत्सवाला जायचं होतं. म्हणजे वेळापत्रक आलंच.

पण आधी, का जायचं होतं ते सांगते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी नागपूरला कॉलेजच्या वसतिगृहात राहत असे. तिथल्या सभागृहात एका दुपारी एक तरुण गायिका आल्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही 'कोण?' म्हणून विचाराल आणि मला दोन दिवस जेवण जाणार नाही. त्यांनी मुलतानी राग मांडला. आपल्या गाण्यात आधी विलंबित असतं, म्हणजे संथ चालीचं, आणि मग येतं द्रुत, म्हणजे जलद. विलंबित असं काही रंगलं होतं की मुली पंखासुद्धा लावू देत नव्हत्या. आणि वसतिगृहाचं फाटक सहाला बंद होत असे. पावणेसहाला मी उठले. भरल्या सभागृहातून एकटी उठले. धावत फाटकाशी पोहोचले तर ते सताड उघडं! पहारेकरी जागेवर नव्हता, कारण तो सभागृहात गाणं ऐकत होता. आणि फाटकाचा नियम करणाऱ्या रेक्टरबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी एकटीच खोलीत बसून घड्याळाकडे पाहत राहिले. तेव्हापासून मी अर्धं गाणं ऐकलेली बाई आहे.

यंदा वर्तमानपत्रात वाचलं की त्याच बाई महोत्सवात शनिवारी दुपारी चार वाजता गाणार, आणि त्यानंतर जाहीर गाणं बंद करणार. मी पेपर आबांच्या पुढ्यात ठेवला. दर डिसेंबरात आबा मला म्हणत, पुढच्या वर्षी नक्की. पण डिसेंबरात तुरीच्या शेंगा भरतात आणि हरभऱ्याला पाणी लागतं, त्यामुळे पुढचं वर्ष काही येत नसे. या वेळी त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"चाल. तूर काई मले सोडून पळून नाई जात."

पुण्यातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दोन पास पाठवले. कागदी पास. त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं की हरवल्यास दुसरा मिळणार नाही. ते वाचून मला फार समाधान वाटलं. जगात कुणीतरी नियमाने चालतंय!

मग मी वेळापत्रक आखलं. वाशीमहून रेल्वे, आपल्या तालुक्याच्या मालेगावहून खासगी बस की टप्प्याटप्प्याने एसटी, याचा तौलनिक तक्ता केला आणि एसटी निवडली. शुक्रवारी सकाळी साडेसहाला मेडशी सोडायची, मालेगावहून जालना, जालन्याहून पुणे, रात्री मुक्काम, शनिवारी तीन वाजता मांडवात. चार रकाने होते: तारीख, वेळ, काम आणि जबाबदार व्यक्ती. शेवटच्या रकान्यात आबांचं नाव एकाच ठिकाणी होतं. काम होतं, 'बसमध्ये बसणे.'

तेवढ्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे तुमच्या मोठ्या आजींनी, तो कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला आणि पंचांग आणायला उठल्या.

"सुमन, तू शुक्रवारी पश्चिमेले जाऊन राह्यली? दिशाशूळ हाय व."

(दिशाशूळ म्हणजे त्या वारी त्या दिशेला निघणं अशुभ.) मी म्हटलं, बाई, एसटीला दिशाशूळ नसतो. त्या म्हणाल्या, एसटीले नसंल, तुले हाय. मी आबांकडे पाहिलं. वहिनींच्या शब्दाबाहेर जाणं त्यांना कधीच जमलेलं नाही. ते गोठ्याकडे पाहू लागले.

तोडगा जाऊबाईंकडे तयारच होता. प्रस्थान ठेवायचं. तुम्हांला हे ठाऊक नसणार म्हणून सांगते. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान जायच्या दिशेच्या कुणाच्यातरी घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना ते सामान उचलायचं आणि तसंच पुढे जायचं. मात्र ते परत आपल्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला.

मी एका खाकी पिशवीत रुमाल, सुपारी आणि हळकुंड टाकलं. जाऊबाईंनी आत डोकावून पाहिलं.

"इतकंच? सुपारी काय गाणं आयकाले चालली? ज्याच्याबिगर जाता येत नाई असं काईतरी ठेव. देवाले फसवतं का कोणी?"

आणि इथे, मुलांनो, माझ्या व्यवस्थितपणाने घात केला. मी विचार केला की ही पिशवी आपण घरातून निघाल्यावर उचलणार. म्हणजे तिच्यातली वस्तू घरी विसरणं अशक्य. मी दोन्ही पास त्या पिशवीत ठेवले. वर आतल्या वस्तूंची यादी केली, एक प्रत पिशवीत आणि एक माझ्या पर्समध्ये. बुधवारी सकाळी चांगली वेळ पाहून जाऊबाईंनी स्वतः ती पिशवी आमच्या पश्चिमेला, तिसऱ्या घरी राहणाऱ्या कुसुमताईंच्या खुंटीला नेऊन अडकवली. परत आल्या त्या अगदी शांत चेहऱ्याने. मी वेळापत्रकात त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

शुक्रवारी सकाळी सहा वीसला आम्ही कुसुमताईंच्या दारात उभे होतो. दाराला कुलूप होतं.

मी फोन लावला. कुसुमताई रिसोडला होत्या. त्यांची लेक गुरुवारी बाळंत झाली म्हणून त्या घाईने गेल्या होत्या. आणि पिशवी?

"संग आणली ना, मॅडम. कुलपाच्या आत प्रस्थान ठेवत नाईत. तुमचा प्रवासच कोंडला असता."

इतकी काळजी घेणाऱ्या बाईला काय बोलणार? मी म्हटलं, रिसोडहून येणाऱ्या कुणाच्या हाती पिशवी पाठवा, आम्ही मालेगावला थांबतो. मागून येऊन उभ्या राहिलेल्या जाऊबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कुसुमताईंना बजावलं की पिशवी मागं आली नाई पाह्यजे. पुढं गेली तर चालंल. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

म्हणून आम्ही मालेगावहून जालन्याची बस सोडून रिसोडच्या बसमध्ये बसलो. बसल्याबरोबर मी फोन बंद केला. (वेळापत्रकातली सूचना क्रमांक सात: प्रवासात बॅटरी वाचवणे.) रिसोडला कुसुमताई दारातच भेटल्या.

"मॅडम, किती फोन केले तुमाले! लागूनच नाई राह्यला. पिशवी तं जालन्याले गेली."

झालं होतं असं की त्यांचे जावई जीप चालवतात आणि सकाळीच प्रवासी घेऊन जालन्याला निघाले होते. पुढं गेली तर चालंल, हे जाऊबाईंचं बोलणं कुसुमताईंनी त्यांना सांगितलं. जावई म्हणाले, मग पुढेच नेतो, म्हाताऱ्या माणसांना तेवढंच ओझं कमी. (ओझं! दोन पास आणि एक सुपारी!) जालन्याच्या बसस्थानकाबाहेर त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांचा वह्या-पुस्तकांचा स्टॉल होता, तिथे ते पिशवी ठेवणार होते.

मी लगेच निघायला वळले. पण बाळंतिणीच्या घरातून बाळ न पाहता, न जेवता कुणी जातं का? बाळ झोपलं होतं. ते उठेपर्यंत थांबलो. उठल्यावर त्याने आबांचं बोट धरलं आणि आबा आणखी अर्धा तास थांबले. जालन्याला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि स्टॉलचं दार खाली ओढलेलं होतं. दारावर सुवाच्य अक्षरांत पाटी होती: 'वेळ सकाळी आठ ते सायंकाळी सहा. वेळेनंतर हाक मारू नये.' त्या अक्षराकडे पाहूनच मी हाक मारायचा विचार सोडला. हे माणूस माझ्यासारखं होतं.

लॉजवर मुक्काम केला. आबा निवांत झोपले. त्यांच्या नावावर जे एकच काम होतं ते त्यांनी दिवसभरात तीनदा चोख पार पाडलं होतं.

शनिवारी आठला मी स्टॉलसमोर हजर. स्टॉलवाले काकाही आठला हजर. दोघांनी आपापली घड्याळं पाहिली आणि आमचा एकमेकांबद्दलचा आदर वाढला. त्यांनी पिशवी काढली, पण हातात दिली नाही. आत काय आहे ते सांगा म्हणाले. हा प्रश्न तर माझ्याचसाठी जन्माला आला होता! मी पर्समधून यादी काढून दिली. काकांनी चष्मा चढवला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. पास दोन. रुमाल एक. सुपारी एक. हळकुंड एक. यादीची प्रत एक. मी आनंदाने मान डोलावत होते. मग त्यांनी पिशवीच्या तळातून ठेच्याची बरणी काढली. त्यामागून तिळाच्या लाडवांचा डबा.

"बाई, हे यादीत नाही."

जाऊबाई! खुंटीला अडकवण्याआधी त्यांनी गुपचूप आमची शिदोरी आत सरकवली होती. मी समजावून सांगितलं. काका म्हणाले, तुमचं खरं असेल, पण यादी आणि माल जुळला नाही तर दुसऱ्याची पिशवी तुम्हांला दिल्यासारखं होईल. समोरून साडेआठची पुण्याची बस निघून गेली. मला काकांचा राग यायला हवा होता, पण त्यांच्या जागी मीही अगदी हेच केलं असतं, आणि याचाच मला जास्त राग आला.

शेवटी आबांनी घरी फोन लावला आणि काकांच्या हाती दिला. काकांनी विचारलं, लाडू किती होते? पलीकडे जाऊबाईंनी हिशोब केला.

"ठेवले अकरा. पण मधात कुसुमचा जवाई हाय. तुमी नऊ समजा."

काकांनी मोजले. नऊ. पिशवी मिळाली, तीही पोचपावतीवर सही करून. आबांनी त्यांना दोन लाडू दिले. ते त्यांनी यादीतून वजा केल्याची नोंद करून मगच खाल्ले.

नऊच्या बसने निघालो. वाटेत मी दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होते. चार वाजले तेव्हा आम्ही पुण्याच्या अलीकडे गाड्यांच्या गर्दीत उभे होतो. बाईंनी षड्ज लावला असेल आणि आपण ट्रकच्या मागे 'हळू चालवा' वाचतोय. आबांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा वेळ नसताना लाडू खाल्ला.

मांडवाच्या दारात पाच वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. तपासणाऱ्या मुलीने पास हातात घेतले आणि नाक मुरडलं. ठेच्याचं तेल पासांवर पसरलं होतं. लाल अक्षरं आणखी लाल दिसत होती. पण पास ते पासच, तिने आत सोडलं.

आत हजारो माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मागे दोन खुर्च्या मिळाल्या. दूर मंचावर पांढऱ्या केसांच्या बाई दिसल्या. राग ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. मुलतानी. पण विलंबित संपत आलं होतं. मी बसले, बाई समेवर आल्या, घोटभर पाणी प्यायल्या, तबलजीकडे पाहून हसल्या, आणि द्रुत सुरू झालं.

आबा माझ्या कानाशी वाकले. "हेच व्हय काय तुझं राह्यलेलं?"

मी मान हलवली.

"मंग बरं झालं उशीर झाला. नाईतं पह्यलं पुन्हा आयका लागलं असतं."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. काही वेळाने सवयीने माझी नजर मनगटाकडे गेली, पावणेसहा झाले असावेत. पण वेळ दिसली नाही. आबांनी आपला तळहात माझ्या घड्याळावर ठेवला होता, आणि बाईंनी हात जोडेपर्यंत तो उचलला नाही. अशा रीतीने मी ती मैफल अखेर पूर्ण ऐकली. मध्यंतर तेवढं पंचेचाळीस वर्षांचं झालं.

घरी परतल्यावर जाऊबाईंनी एवढंच विचारलं, "प्रस्थान ठेवलं नसतं तर काय झालं असतं, इचार कर." मी विचार केला. तीन वाजता मांडवात पोहोचले असते, पहिल्या रांगेत बसले असते, आणि पासांना ठेच्याचा वास आला नसता. पण मी म्हटलं, "खरं आहे, बाई."

आता मे महिन्यात तुमच्याकडे कॅनडाला यायचं ठरलं आहे. तिकडे पूर्वेकडूनही जाता येतं आणि पश्चिमेकडूनही, हे मी नकाशावर दाखवल्यामुळे जाऊबाईंनी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे एकेक पिशवी ठेवून टाकली आहे. या वेळी मात्र मी शहाणी झाले. पासपोर्ट मी कुठल्याही पिशवीत ठेवलेला नाही. तो घरातच अत्यंत सुरक्षित जागी ठेवला आहे, आणि ती जागा विसरू नये म्हणून यादीत स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवली आहे. यादी पिशवीत आहे.