रिकाम्या खान्यांचे पत्रे

अकोल्याला टेलिफोन ऑफिसात नोकरीत असताना एका उन्हाळ्यात मी मशीनरूममधल्या राउटरचे पाच पत्रे स्क्रूड्रायव्हरनं काढले, टेबलावर रचून ठेवले आणि स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायले. नातवंडांना सांगते तर ती हसतात. हसा बापा! मी पण हसते त्या बाईला. हातात डिप्लोमा, वीस वर्षांची नोकरी, अन् अक्कल कूलरपुरती.

राउटर म्हटलं की लोकांना घरातली दोन शिंगांची डबी आठवते. आमचा कपाटाएवढा होता. लोखंडी पेटी, तिला आडवे खाने, प्रत्येक खान्यात सरकवलेलं एकेक कार्ड. एका कार्डावर तेल्हाऱ्याची लाइन, दुसऱ्यावर अमरावतीची, असं. कार्ड आत दाबलं की पेटीच्या पाठीला जोडलं जातं. तिथूनच वीज घेतं, तिथूनच बाकीच्या कार्डांशी बोलतं. चालू पेटीतून एखादं काढलं तरी इतरांना पत्ता लागत नाही. काही खाने पुढे लागतील म्हणून रिकामे, आणि त्यांच्यावर पत्र्याची झाकणं.

त्या दिवशी एसी धापा टाकत होता. मी अमरावतीच्या राजापेठेत वाढलेली. कूलर लावला की खिडकी उघडायची, नाहीतर घरभर नुसती चिकचिक, हे लहानपणापासून पाठ. पेटीला पंखे आहेत, मग खिडकी नको का? काढली झाकणं. हात धरून पाहिला तर झुळूक लागली. वा रे बाई!

अर्ध्या तासात सगळ्यात वरच्या, तेल्हाऱ्याच्या कार्डाचा हिरवा दिवा पिवळा झाला आणि मग विझलाच. तेवढ्यात फोन वाजला. तेल्हाऱ्याहून बहिणीची मुलगी. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला ती नेट कॅफेत बसली होती. शेवटचा दिवस, पाचपर्यंतच मुदत. चुकला तर वर्ष गेलं.

“मावशी, नेट गेलं न वं!”

“तुमच्याकडंच वायर हालली असंन,” मी ठणकावलं, आणि घाम पुसत अमरावतीच्या आमच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला.

“मॅडम, रिकाम्या खान्यांची झाकणं जागेवर आहेत न?”

मी टेबलावरच्या पत्र्यांकडे पाहिलं.

“मॅडम?”

“काढली मी.”

“काहून?”

“हवा खेळावी म्हणून. कूलरले नाही का खिडकी लागत...”

साहेब म्हणाले, “अहो, पंख्यांची हवा कार्डांवरूनच जावी म्हणून तर ते पत्रे असतात! तुम्ही वाट मोकळी केली, हवा तिथूनच पळाली. वरचं कार्ड भाजून निघालं. आधी पत्रे लावा. कार्ड बाहेर काढा, थंड होऊ द्या, मग घाला. पेटी बंद करू नका, नाहीतर अख्खा जिल्हा ओरडंन.”

पावणेचार झाले होते. पत्रे लावताना दोन स्क्रू पेटीखाली गेले. मी साडीसकट जमिनीवर आडवी. मग मनगटाला पट्टा बांधला, अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून. दोन्ही बाजूंचे खटके उघडून कार्ड ओढलं. चटका बसला. बाकीचे दिवे आपले लुकलुकतच होते, मेले.

पोरीचा फोन. “झालं का?” “थांब.” पुन्हा फोन. मी दारापर्यंत जायची, परत यायची, कार्डावर हात ठेवायची. कोमट. सव्वाचारला घातलं, दिवा पिवळाच. घाई केली होती. पुन्हा काढलं. आता फोन उचलायचीही हिंमत होईना.

साडेचारला परत सरकवलं, खटके दाबले. नवीन काही सांगावं लागत नाही. कोणत्या खान्यात कोणती लाइन, ते मुख्य कार्डाच्या ध्यानात असतं. पण कार्ड उठायला पाच-सात मिनिटं घेतं. ती मिनिटं मी उभ्याउभ्या काढली, पदराचं टोक चावत. दिवा पिवळा. पिवळाच. मग हिरवा.

मीच फोन केला. ती उचलेना. पाचला सात मिनिटं असताना तिचाच आला, हळू आवाजात:

“झाला वं मावशी, सबमिट झाला. आता ठेव फोन. इथं सारेच तुमच्या ऑफिसले शिव्या देऊन राह्यले, मी तुह्यासंगं बोलून राह्यली हे समजलं तं मले बी पडतीन.”