अंबाडी निवडणारी आजी

तेलंगणात आदिलाबाद जिल्हा फोडून नवे जिल्हे केले, त्या वर्षी परदेशातून सेवाकार्याला आलेल्या ख्रिस्ती पाहुण्यांचा मी गुडीहत्नूरला दुभाष्या होतो. एक म्हातारी प्रार्थना मागायला आली. मांडीवरच्या अंबाडीची पानं खुडत ती मेलेल्या लेकीबद्दल कितीतरी वेळ बोलली. मागे लोक ताटकळले होते. ‘हिची मुलगी वारली,’ एवढंच मी पाहुण्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली.

निघायच्या दिवशी मला राहवेना. तिच्या घरी जाऊन म्हणालो, ‘आजी, तुमचं सगळं मी त्यांना सांगितलंच नाही.’

‘मालूम हाये मले,’ ती हसली. ‘मी येवढं बोलली, तू दोन शब्दांत उरकलं. पण बाबू, मी तुलेच सांगून राह्यली होती.’

बाहेर आमची गाडी हॉर्न देत होती. मी तिच्या ओट्यावर बसलो आणि लेकीचं नाव विचारलं.