थांब, पाणी नको

त्या दिवशी मी 'थांब' एकदा म्हणाले की दोनदा, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. कधी वाटतं एकदाच म्हणाले, पण मोठ्यानं. कधी वाटतं नुसतं म्हणाले नाही, जावेच्या हातातला पाइप धरून बाजूलाही केला. त्यानंतर किती वेळ गेला तेही ठाऊक नाही. अर्धं मिनिट असेल, दोन मिनिटं असतील. तेवढ्यात माझ्या दिरांचा डोळा राहणार होता किंवा जाणार होता आणि मी, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, तिथं हजर होते.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मी जवळच्याच शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. गावाकडचं घर बिद्रीच्या बाजूला, मळ्यातच. तिथली ऊसशेती धाकटे दीर आणि जाऊ बघतात. आम्ही नवरा-बायको रविवारी जातो, आपण फार मदत केली असं समजतो आणि पिशवीभर भाजी घेऊन परत येतो.

उसाला ठिबक आहे. आमचं पाणी क्षाराचं, त्यामुळं नळ्यांची बारीक भोकं चोंदतात आणि एक ओळ हिरवीगार तर शेजारची सुकलेली असं होतं. मग नळ्यांतून पाण्याबरोबर ॲसिड सोडून त्या साफ करतात. दिरांनी हे पहिल्यांदाच करायचं ठरवलं तेव्हा त्यांचा फोन मलाच आला.

"वैनी, तुमच्या शाळंत असतंय तसलंच ॲसिड न्हवं हे?"

झालं. असा प्रश्न मला कुणी विचारला की मी बसल्या जागी फळ्यासमोर उभी राहते. अर्धा तास फोनवर शिकवलं. शाळेतलं पातळ केलेलं असतं, तुमचं कडक आहे, हातमोजे घाला, चष्मा घाला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीही घालायचं नाही. घातलं तर एकदम तापतं, उकळतं आणि अंगावर उडतं. हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. वर्गात घेते तसंच. पुढच्या रविवारी जाताना शाहूपुरीतून संरक्षक चष्मा आणि कोपरापर्यंत येणारे मोजेही नेले. ॲसिडचा कॅन कुठं ठेवलाय, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.

तो विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीबाहेर उन्हात होता. सकाळपासून.

अकराच्या सुमाराला मोटार चालू होती, नवरा शेवटच्या ओळीत पाणी पोचतंय का बघायला गेला होता. दिरांनी प्लॅस्टिकच्या पिंपात आधी पाणी भरलं. माझा नियम अगदी बरोबर पाळला. मोजे घातले होते. चष्मा मात्र घामानं धुरकटला म्हणून कपाळावर सरकवला होता आणि मी तो बघितला होता. आता सांगते, मग सांगते, असं मनात म्हणत होते. त्यांनी कॅनचं झाकण फिरवलं. आत वाफ कोंडली होती. फुस्स आवाज झाला, आणि डाव्या गालावर, डोळ्यात उडालं. ते "आई गं" म्हणाले आणि खाली बसले.

जाऊ फिल्टरजवळ होती. तिथं पाण्याचा पाइप वाहतच होता. तिनं तो उचलला आणि धावत आली. ती बरोबर करत होती, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की ॲसिड आहे आणि त्याच्यावर पाणी पडतंय.

"थांब, पाणी नको. ॲसिडात पाणी घालायचं नाही."

वीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं. पिंपातलं ॲसिड वेगळं आणि डोळ्यातले चार थेंब वेगळे, हा विचारच आला नाही. आणि माझ्या आवाजात असं काय होतं कोण जाणे, जावेनं खरंच पाइप खाली केला. पाणी आमच्या पायांशी मातीत जात राहिलं.

मग म्हणाले, खायचा सोडा आण. आम्लावर आम्लारी, म्हणजे उदासिनीकरण. हा पुढचा धडा. जाऊ घराकडं पळाली. इकडं मी दिरांना विचारत होते, "कुठलं ॲसिड आहे? नाव काय त्याचं?" तोंडी परीक्षा घ्यावी तसं. ते तोंड हातात धरून म्हणत होते, "वैनी, लई जळतंय ओ."

सोडा किती घालायचा ते ठरवावं म्हणून मी कॅनवरचा कागद वाचायला वाकले. बारीक अक्षरं, इंग्रजी, हिंदी, आणि मध्ये एक चित्र. एक डोळा. त्याच्यावर नळ. नळातून धार. सोड्याचा कुठं पत्ता नाही. ते चित्र मला समजायलाही एक क्षण लागला, हे लिहिताना लाज वाटते. मग मी पाइप उचलला.

तिथून पुढचं सगळं बरोबर केलं, असं म्हणतात. त्यांना आडवं केलं, डावी बाजू खाली ठेवली, म्हणजे उजव्या डोळ्यात ओघळ जायला नको. पापण्या बोटांनी उघडून धरल्या. पाइपची धार जोराची होती, म्हणून ती तळहातावर घेऊन नाकाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला सोडली. ते सारखे डोळा चोळायला हात नेत होते. जाऊ सोड्याचा डबा घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, "नको तो, फेकून दे, यांचा शर्ट काढ." तिनं का म्हणून विचारलं नाही. शर्ट काढला, हातमोजे उतरवले, मान आणि गाल धुतला. घड्याळ लावून वीस मिनिटं आम्ही पाणी घालत होतो. 

तोवर शेजारच्या रानातली माणसं गोळा झाली. एकजण म्हणाला दूध घाला. एका म्हातारीनं वाटीत तूप आणलं. कुणी एरंडेल म्हणालं. रस्त्यानं जाणारा एक मोटरसायकलवाला थांबून म्हणाला, "पावणं, ॲसिडावर चुना लावा की." त्याच्यावर मी अशी खेकसले की तो गाडी चालू करून गेलाच. माझा सोडा आणि त्याचा चुना यांत काय फरक होता, ते मला आजही कुणी विचारू नये.

नवऱ्यानं कॅनवरच्या कागदाचा फोटो काढून घेतला, डॉक्टरांना दाखवायला. ते फक्त त्यालाच सुचलं. गाडीत मागच्या सीटवर मी बाटलीनं पाणी घालत होते. कोल्हापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तीन बाटल्या संपल्या आणि आम्ही सगळे चिंब झालो होतो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आधी खालची पापणी ओढून तिथं कागदाची एक बारीक पट्टी टेकवली आणि तिचा रंग बघितला. वर्गात आम्ल ओळखायला अशाच पट्ट्या मी पोरांना वाटते आणि म्हणते, वाया घालवू नका. ती पट्टी बघून मला रडू फुटलं. पट्टीचा रंग तिच्या मनासारखा येईना, म्हणून तिनं सलाइन लावून पुन्हा डोळा धुवायला घेतला. धुता धुता म्हणाली, "पाणी लगेच घातलंत ना?"

"हो," मी म्हणाले.

जाऊ माझ्याशेजारीच उभी होती. ती फरशीकडं बघत राहिली.

"म्हणून बरंय," डॉक्टर म्हणाली. "नाहीतर अवघड होतं."

डोळा राहिला. बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढुरका डाग आहे. उन्हात डोळ्याला पाणी येतं आणि दिव्याभोवती कडं दिसतं म्हणतात. मी नंतर एकदा डॉक्टरला एकटीच गाठून विचारलं, पाणी अर्धं मिनिट आधी पडलं असतं तर हा डाग नसता का? ती म्हणाली, असं सांगता येत नाही. हो म्हणाली असती तरी चाललं असतं, नाही म्हणाली असती तर फारच बरं झालं असतं. सांगता येत नाही, हे घेऊन मी काय करू?

एका रविवारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मी फोनवरचं घड्याळ लावून मोटारीच्या खोलीपासून घरापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग जरा पळत. दोन्ही वेळेला वेगळं उत्तर आलं. त्या दिवशी जाऊ कितीच्या वेगानं पळाली होती आणि मी पाइप उचलला तेव्हा ती कुठवर आली होती, हे कुणाला माहीत? आणि हे मोजून मी कुठल्या वहीत लिहिणार होते, तेही मला कळेना.

इकडं दीर ज्याला त्याला सांगत सुटले होते, "वैनीमुळं डोळा वाचला. वैनी नसती तर मी काणाच की." लग्नात, बाजारात, गुऱ्हाळावर. मी बाजूला उभी असले की लोक माझ्याकडं बघायचे आणि मी काय करावं ते न कळून पदर सारखा करायचे. त्यांचे डोळे मिटलेले होते, पाइप कुणी धरला आणि कुणी खाली करायला लावला हे त्यांना दिसलं नाही, अशी मी समजूत करून घेतली होती. खरं ठाऊक होतं ते जावेला. ती कधी काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याची मला भीती वाटायला लागली. भाकरीचं ताट वाढताना तिनं जरा जोरात ठेवलं तरी मी दचकायचे.

यंदा नळ्या साफ करायचे दिवस आले, तेव्हा गावातल्या दूध संस्थेत मला बोलायला बोलावलं. ॲसिड जपून कसं वापरायचं यावर. दिरांनीच ठरवलं होतं. वीस-पंचवीस माणसं होती, चार बायका होत्या, जाऊ मागं दाराजवळ बसली होती. मी सगळं सांगितलं. कॅन सावलीत ठेवा. झाकणावर कापड टाकून, तोंड लांब धरून, हळूहळू सैल करा. चष्मा कपाळावर ठेवायला नसतो. पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही. डोळ्यात गेलं तर पाणी, फक्त पाणी, वीस मिनिटं, आणि मग दवाखाना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी मान खाली गेली, ती विनयानं आहे असं त्यांना वाटलं असणार.

घरी आल्यावर जाऊ चुलीपुढं बसली आणि मी तिच्याजवळ पाटावर टेकले. आठ महिने पोटात ठेवलेलं एकदाचं बाहेर आलं. म्हणाले, "त्या दिवशी मी तुला थांबवलं. तू कुणाला सांगितलं नाहीस. का?"

तिनं चहाचं पातेलं उतरवलं. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'गेलो, आलो' असंच बोलतात, तशी ती म्हणाली, "आक्का, ते कॅनवरचं चित्र मी आदल्या दिवशीच बघितलंतं. डोळा आन नळ. मला ठावं हुतं पाणीच पायजे म्हणून. तरी तुमी म्हणालासा म्हणून मी थांबलो. मी कशाला थांबलो? माझा न्हवरा हुता की त्यो."

 मी तिच्या न बोलण्याला घाबरत होते आणि ती आठ महिने स्वतःलाच हा प्रश्न विचारत होती. मी तिचा हात धरला, तर तो गरम पातेल्यानं भाजलेला निघाला आणि दोघी एकदम रडायला लागलो.

दीर दारात येऊन उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. उजेडाकडं पाठ होती, तरी ते डाव्या डोळ्याचं पाणी पुसत होते.

मी उठले आणि म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला एक सांगायचंय."

"ठावं हाय," ते म्हणाले. "डोळं मिटलंतं, कान न्हाय."

"मग सगळीकडं माझं नाव का सांगता?"

"मग काय सांगू? दोघी घरच्या, आन माझा डोळा जळतोय तवर सोड्याचा डबा हुडकत हुत्या म्हणून सांगू व्हय?" ते खाली बसले. जावेनं त्यांच्यापुढं कप सरकवला. त्यांनी तो उचलला नाही. "एकच इचारायचं हुतं वैनी. थांब का म्हणालासा?"

मी म्हणाले, "तुम्हाला फोनवर शिकवलं होतं तेच. ॲसिडात पाणी नाही."

त्यांनी कप बोटानं जरा फिरवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे नेम बरोबरच हुता. जागा चुकली."

"हो."

"मग आज त्या माणसास्नी ह्येच सांगायचं हुतं की. त्यातल्या एकाच्या घरी असंच कोण तरी थांब म्हणंल, आन ते ऐकणारंबी कोण तरी असंल. तेवढंच सांगितलं न्हाईसा."

त्यांनी कप उचलला. पुढच्या रविवारी दूध संस्थेत मी परत गेले आणि पहिलं वाक्य तेच सांगितलं, की त्या दिवशी 'थांब, पाणी नको' असं मीच म्हणाले होते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागं दाराजवळ जाऊ बसली होती, ती या वेळेला माझ्याकडं बघत होती.