रिकाम्या डब्यांचा उजेड

प्रयोगशाळेत त्याला सगळे काजवा म्हणत. दिवसाढवळ्या पडदे ओढून अंधारात बसायचं आणि पेशी चमकतात का ते पाहायचं, हेच त्याचं काम. माणूस तसा जन्माचा गोंधळलेला. घराला कुलूप लावलं की नाही हे पाहायला अर्ध्या जिन्यावरून परत येणाऱ्यांपैकी. असल्या माणसाने संशोधनाच्या भानगडीत पडू नये, असं त्याच्या सासऱ्यांचं ठाम मत होतं, आणि अधूनमधून काजव्याचंही.

बायकोला त्याने आपलं काम समजावलं होतं ते असं: पेशीत आम्लता किती आहे हे चमकून सांगणारा एक रंग आहे. पण तो नुसता सोडला तर पेशी त्याला दारातच अडवते. म्हणून पॉलिमरचे डबे करायचे, केसाहून कितीतरी बारीक, त्यांत रंग भरायचा आणि डब्यासकट आत पाठवायचा.

"एवढंच ना?" बायको म्हणाली. "मग चार वर्षं कशाला लागतात?"

काजवा कुलूप पाहायला उठला.

यंदा मात्र नशीब उघडलं होतं. नवा कॅमेरा आल्यापासून पेशी अशा काही झळाळत होत्या की मॅडम, म्हणजे त्याच्या मार्गदर्शक, ते फोटो घेऊन परिषदेला निघाल्या होत्या. आदल्या दिवशी म्हणाल्या, "रिकाम्या डब्यांचाही एक फोटो दे. शेजारी काळं दिसलं की लोकांची तोंडं बंद."

काजव्याने रिकामे डबे घातलेल्या पेशी काचेच्या बशीत कॅमेऱ्याखाली ठेवल्या. त्या लख्ख चमकल्या.

बशांची अदलाबदल झाली की काय? दुसरी बशी घेतली. पुन्हा तेच. मग डबे मुळीच न घातलेल्या पेशी ठेवल्या, तर त्याही चमकल्या! रंग नाही, डबा नाही, आणि उजेड आहे. मग इतके दिवस आपण पाहत काय होतो? काहीच सुचेना तेव्हा त्याने बशीच काढून घेतली. तरीही संगणकाच्या पडद्यावर दाणेदार प्रकाश.

तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. समोर मिणमिणतं काही असो वा काहीच नसो, कॅमेरा आपणहून उजेड चढवून फोटो झगझगीत करून देत होता. ती सोय काजव्याने कधी बंदच केली नव्हती. फोटो सुंदर येत असताना कोण बंद करतं?

आता केली. नुसत्या पेशी, अंधार. रिकामे डबे, अंधार. मग भरलेल्या डब्यांची बशी ठेवली. त्याने मॅडमना बोलावलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. "दिसतंय," त्या म्हणाल्या.

"अगदीच मंद आहे, मॅडम."

"मंद आहे. पण आहे. उद्या हाच फोटो दाखवते."

"आणि आधीचे?"

"चुकले म्हणून सांगायचं. नाव माझंही आहे त्यांच्यावर."

त्या गेल्या. ओरडल्या नाहीत, पाठही थोपटली नाही. मग काजव्याने बायकोला फोन लावला आणि कॅमेरा, डबे, अंधार असं काहीतरी उलटसुलट सांगितलं.

"अहो, काय झालं? चांगलं की वाईट?"

"कळत नाही गं," तो म्हणाला, आणि अंधारात एकटाच रडायला लागला.